बुद्धिबळात मुली मागे का दिसतात?

माराने सोमा थेरीला हिणवले होते की दोन बोटांच्या बुद्धीच्या स्त्रीला ते पद मिळणार नाही. बुद्धिबळाच्या पटावर हा टोमणा अजून ऐकू येतो. जर्मनीतील सुमारे १ लाख २० हजार खेळाडूंचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे एका स्त्रीमागे सोळा पुरुष खेळत होते. जिकडे संख्या मोठी, तिकडे अव्वल खेळाडूही जास्त निघणारच. दोन्हीकडच्या पहिल्या शंभरांतला ९६ टक्के फरक एवढ्यानेच उलगडला.

१९७६ मध्ये रोहिणी खाडिलकर पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या, तर केवढा गदारोळ! प्रकरण उच्च न्यायालयात गेले. स्त्रियांना रोखता येणार नाही, असे जागतिक महासंघाचे अध्यक्ष मॅक्स युवे यांना सांगावे लागले. दार बंद ठेवायचे आणि वर बुद्धी मोजायची!

आपल्या विहारात स्पर्धा असते तेव्हा मुली कुठे असतात? बहुतेकदा खीर वाटायला. यंदा नावनोंदणीची वही आधी त्यांच्याकडे न्या.