तलावांच्या मुलखात सायकलवर दोन दिवस

शाळेच्या आवारात मुलींच्या सायकली रांगेने उभ्या असतात. कोणती सायकल कोणत्या इयत्तेची, हे मला लांबूनच कळते. आठवीची नवी कोरी, नववीची घंटी तुटलेली, दहावीची मागच्या कॅरिअरला दप्तराऐवजी क्लासची पिशवी लटकलेली. आमच्या भागात मानव विकास कार्यक्रमातून गावाबाहेरून शाळेत येणाऱ्या मुलींना सायकली मिळतात, आणि त्या सायकलींनी किती मुलींची शाळा वाचवली हे आम्ही शिक्षक रोज पाहतो. पण शाळा संपली की आपल्या घरांतून ती सायकल हळूच भिंतीला टेकते. मग भाऊ नेतो, मग भंगारवाला. कारण विचारले तर उत्तर एकच, "आता मोठी झाली."

माझ्या मुलीची सायकल मात्र नववीतच भिंतीला टेकली, आणि कारण वेगळे होते. वर्गात कोणीतरी तिला "पंक्चरवाले" म्हणून हिणवले. माझ्या भावाचे सायकल दुरुस्तीचे दुकान आहे, अब्बांच्या काळापासून. त्याच दुकानाच्या कमाईवर मी बी.एड. केले. पोरीने घरी काही सांगितले नाही. आधी सायकल मामूंकडे न्यायची बंद झाली, मग चालवायचीच बंद झाली. चार महिने तिच्या चाकात हवा नव्हती. मला कळले ते धाकट्याकडून.

मास्तरकीची सवय अशी की, पहिल्यांदा भाषणच सुचते. ते गिळले. दिवाळीच्या सुटीत नवेगावबांधला सायकलने फिरायचे, एवढेच जाहीर केले. अट एक ठेवली. निघण्याआधी आम्ही चौघांनीही मामूंच्या दुकानात बसून पंक्चर काढायला शिकायचे. त्यात ह्यांना सर्वांत जास्त वेळ लागला, हे इथे लिहायला त्यांची परवानगी आहे.

गोंदिया जिल्ह्यातला अर्जुनी मोरगाव तालुका म्हणजे तलावांचा मुलूख. गाव तिथे तलाव, आणि तलावाच्या खाली आणखी एक लहान बोडी. नवेगावबांधचा तलाव त्यांत सर्वांत मोठ्यांपैकी, सुमारे 11 चौरस किलोमीटर पाण्याचा. गोंदियापासून रस्त्याने साधारण 65 किलोमीटर. गोंदिया–बल्लारशा रेल्वेमार्गावरचे देवलगाव स्थानक अगदी जवळ पडते, पण लहान स्थानकांवर सायकल चढवणे-उतरवणे जमेलच असे नाही, म्हणून आम्ही सायकली ओळखीच्या टेम्पोत टाकून नेल्या. गिअरच्या महाग सायकली लागत नाहीत. आमच्या चारही शाळकरी, साध्या होत्या. मुलींच्या सायकलला चेनकव्हर आणि मागच्या चाकाला जाळी मात्र हवीच. ओढणी आणि बुरख्याचे टोक चेनमध्ये अडकून पडण्याचे प्रसंग मी पाहिले आहेत. ओढणी पाठीमागे नीट गाठ मारून, खाली सलवार बोटभर आखूड, पायात पट्ट्याची चप्पल, एवढे केले की पडद्यालाही बाधा नाही आणि पायालाही.

पहिल्या दिवशी आम्ही फक्त तलाव पाहिला. घाई करू नये असे हे ठिकाण आहे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी हा तलाव बांधला. डोंगरांमधली खिंड मातीच्या पाळीने अडवली आणि मागे समुद्र उभा राहिला. भोवतीच्या टेकड्यांना लोक सात बहिणी म्हणतात, त्यांनी बांधायला मदत केली अशी समजूत आहे, आणि कोलू पाटलांना कोलासुर देव म्हणून पुजले जाते. त्या श्रद्धा त्यांच्या. मला अडखळायला लावले ते पाळीने. माणसांनी टोपल्यांनी वाहिलेली माती तीनशे वर्षे पाणी धरून आहे.

कोहळी समाज तलाव बांधण्यात आणि ऊस पिकवण्यात वाकबगार. चांद्याच्या गोंड राजांनी जो तलाव बांधेल त्याला जमीन देण्याची रीत ठेवली. अशा जमिनीला तुकूम म्हणत. चंद्रपुरातल्या तुकूम वस्तीच्या नावात तो शब्द अजून राहिला आहे. रचना मोठी शहाणपणाची. तलावाचे तीन भाग, अडवणारी पाळ, शेताला पाणी सोडायचे दार, आणि जादा पाणी निघून जायची वाट. वरच्या तलावाचे जादा पाणी खालच्या तलावात, त्याचे त्याखालच्या बोडीत. उतारावरून सायकल सोडली की ही साखळी आपोआप डोळ्यांसमोर येते. मोटारीतून ती दिसत नाही, मी त्या रस्त्याने मोटारीतून अनेकदा गेले आहे.

1951 साली मालगुजारी संपली आणि हे तलाव सरकारकडे आले. मोठ्यांचा कारभार पाटबंधारे खात्याकडे, लहानांचा जिल्हा परिषदेकडे. पूर्वी गाव मिळून दरवर्षी गाळ काढायचा, पाळीची डागडुजी करायचा. ते मोडले. कित्येक तलाव गाळाने उथळ झाले आणि काठाला बेशरमाची झुडपे माजली. ह्याच तालुक्यात धीवर समाजाच्या बायकांनी काही तलावांतले बेशरम उपटून पाण्यातल्या देशी वनस्पती पुन्हा लावल्या, तेव्हा मासे परतले. ज्यांचे पोट मासळीवर, त्यांनाच तलावाची नाडी कळते. आम्ही गेलो तेव्हा शिंगाड्याचा हंगाम होता. डोंग्यात बसून तोडणाऱ्या एका मावशींनी मुलांच्या ओंजळीत ओले शिंगाडे टाकले, पैसे घेतले नाहीत.

पाण्याचे हे काम पाहताना आपल्या घरात सांगितल्या जाणाऱ्या गोष्टी आठवणारच. हजरत उस्मान रजि. यांनी मदिनेतली रूमा विहीर विकत घेऊन सर्वांसाठी वक्फ केली. हजरत साद बिन उबादा रजि. यांनी दिवंगत आईच्या नावाने विहीर खोदली. सदक-ए-जारिया म्हणजे काय, हे मी वर्गात पुष्कळदा समजावले आहे. पाळीवर सायकल टेकवून धाकट्याने स्वतःच विचारले, "अम्मी, कोलू पाटलांनी बांधलं त्याचं पाणी अजून लोक घेतात ना?" घेतात म्हटले.

दुसऱ्या दिवशी इटियाडोह. गोठणगावजवळ गाढवी नदीवर हे धरण आहे, नवेगावबांधहून साधारण पंधरा-वीस किलोमीटर. रस्ता जंगलातून जातो, साग, मोह, तेंदू, मधूनच धानाची बांधी. धान तेव्हा पिवळे पडत आले होते. महाराष्ट्रात सारस पक्षी उरले ते प्रामुख्याने ह्याच जिल्ह्यात, तलावातले देवधान त्यांचे आवडते खाणे. आम्हाला सारस दिसला नाही. कमळाच्या पानांवर चालणारा कमळपक्षी दिसला, आणि पोरांनी त्यावरच समाधान मानले.

हा व्याघ्र प्रकल्पाचा परिसर आहे, हे विसरून चालत नाही. फजरनंतर चांगले उजाडल्याशिवाय निघायचे नाही आणि असरला मुक्कामी परत, हा आमचा नियम. मोहाच्या दिवसांत अस्वलांची भीती जास्त. वन विभागाच्या परवानगीशिवाय जंगलाच्या गेटच्या आत सायकल नेऊ नये. डांबरी रस्त्यावरही चौघांनी एकत्रच राहावे, पुढे पळणाऱ्या मुलाला आवर घालावा.

गोठणगाव भागात तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे, 1972 पासूनची. दिवाळीच्या दिवसांत ती बरीचशी रिकामी असते, कारण मोठी माणसे शहरोशहरी स्वेटर विकायला गेलेली. मुलीने विचारले, "आपल्याकडे येतात ते स्वेटरवाले इथले?" म्हटले, इथले किंवा अशाच वसाहतींतले. ती बराच वेळ गप्प सायकल मारत होती.

धरणाच्या खाली कालव्याची वाट सुरू होते. इतकी सोपी सायकलवाट दुसरी नाही. कालवा पाण्याच्या सोयीने खणलेला, म्हणजे उतार इतका थोडा की डोळ्याला कळत नाही, आणि त्याच्या काठची वाटही तशीच सपाट. गाड्या जवळजवळ नाहीत. पण काही पुलांना कठडे नाहीत, अस्तरीकरणाच्या उतारावर शेवाळ धरलेले असते आणि त्यावरून पाय घसरला तर पोहणाऱ्यालाही वर येणे कठीण. मुलांना त्या उतारावर उतरू देऊ नका, तोंड धुवायलासुद्धा नाही. आम्ही डोलचीला दोरी बांधून पाणी वर ओढले.

जुहरची वेळ झाली तेव्हा एका करंजीखाली जानमाज पसरली. किबला पश्चिमेपासून किंचित उत्तरेकडे. सर्वांत लांबचे ठिकाणही आमच्या गावापासून 60 किलोमीटरच्या आत होते. हनफी पद्धतीत कसरची मर्यादा साधारण 77 किलोमीटर, म्हणून नमाज पूर्ण पढली. तुमचे अंतर जास्त असेल तर मौलानांना आधी विचारून घ्या. डोलचीतल्या पाण्यात चौघांचे वुजू झाले. वाहत्या नदीकाठीही वुजूला पाणी वाया घालवू नये, ही शिकवण कालव्याकाठी उभे राहून पोरांना सांगायला वेगळा घसा कोरडा करावा लागला नाही.

नमाज आटोपून पाहतो तो ह्यांच्या मागच्या चाकात बाभळीचा काटा. पहिल्या दिवशी हा प्रसंग आला असता तर मी चालत परत निघाले असते. मुलीने काही न बोलता सायकल उलटी केली, दोन पट्ट्यांनी टायर सोडवला, ट्यूबमध्ये हवा भरली आणि डोलचीत बुडवून बुडबुडे शोधले. कानशीने घासले, सोल्युशन लावून वाळू दिले, पॅच दाबला. टायरच्या आतून बोट फिरवून काटा काढायला ती विसरली नाही. मी विसरले असते. शेजारच्या बांधीतले एक काका विळा घेऊन येऊन उभे राहिले. "कुठं शिकलीस बेटा?" तिने सांगितले, "मामूंच्या दुकानात."

परतताना प्रतापगडला थांबलो. ह्या टेकडीवर महादेवाचे स्थान आहे, महाशिवरात्रीला मोठी यात्रा भरते, आणि ख्वाजा उस्मान हारूनी यांच्या नावाची दर्गाहही आहे. हारूनी म्हणजे अजमेरच्या ख्वाजांचे पीर, त्यांची कबर मक्केत. दर्ग्यांबाबत आपल्या घराघरांत मते वेगळी, त्यात मी शिरत नाही. पायथ्याशी दोन्हीकडचे लोक एकाच हापशीवर पाणी पीत होते. सायकली तिथेच लावून आम्हीही प्यालो.

दोन दिवसांत साठेक किलोमीटर झाले. घरी आल्यावर मुलगी ते चाक घेऊन दुकानात गेली, मीही मागोमाग गेले. मामूंनी ट्यूब बाहेर ओढून पॅच अंगठ्याने दाबून पाहिला, उजेडाकडे धरला. "कडेनं अजून घासायला पाहिजे होतं, बेटी. उन्हाळ्यात सुटेल."

तिने डब्यातून कानस घेतली आणि पाटावर बसून तो पॅच खरवडायला लागली. बाहेर तिच्या वर्गातली दोन मुले हवा भरायला उभी होती.