साखळी तुटली, पेट्रोल झालं!

दोस्तांनो, साखळीची पकडापकडी खेळता ना? हात धरून सावकाश धावलं तर साखळी टिकते. सगळे सुसाट सुटले की कुठेतरी हात निसटतो आणि एका साखळीच्या दोन होतात. तेल खूप तापवलं की त्यातल्या रेणूंचंही असंच होतं!

खनिज तेलात कार्बनच्या अणूंच्या लहान-मोठ्या साखळ्या असतात, त्यांना हायड्रोजनचे अणू चिकटलेले. पेट्रोलमधल्या साखळ्या साधारण 5 ते 12 कार्बनच्या. मेणबत्तीच्या मेणात मात्र वीसहून जास्त! साखळी जितकी लांब, तितकं तेल जाड.

शंभरेक वर्षांपूर्वी अमेरिकेत मोटारी भराभर वाढल्या आणि पेट्रोल पुरेना. तेव्हा विल्यम बर्टन या रसायनशास्त्रज्ञाने जाड तेल बंद भांड्यात सुमारे 400 अंश सेल्सिअसपर्यंत तापवलं. आत दाबही ठेवला, नाहीतर साखळ्या तुटण्याआधीच तेलाची वाफ होऊन गेली असती. रेणू जोरजोरात थरथरले, साखळ्या तुटल्या आणि जाड तेलातून चक्क पेट्रोल निघालं! 1913 मध्ये या पद्धतीचं पेटंट मिळालं. त्याआधी 1891 मध्ये रशियात व्लादिमिर शुखोव यांनीही अशाच पद्धतीचं पेटंट घेतलं होतं. तापवून साखळ्या अशा तोडण्यालाच म्हणतात क्रॅकिंग.

आता जरा हिशेब करू. एका साखळीत 10 कार्बन आणि 22 हायड्रोजन आहेत. तिचा 8 कार्बनचा तुकडा 18 हायड्रोजन घेऊन गेला. उरले काय? 2 कार्बन आणि फक्त 4 हायड्रोजन! हायड्रोजन कमी पडले, म्हणून ते दोन कार्बन एकमेकांना दोन्ही हातांनी धरतात. हा झाला इथिलीन वायू. त्याचे हजारो रेणू जोडले की पॉलिथीन तयार. दुधाची पिशवी त्याचीच!

आपल्या रायगड जिल्ह्यात नागोठण्याला इथिलीनचा मोठा कारखाना आहे. अशा कारखान्यांत इथेनसारखे वायू पाण्याच्या वाफेत मिसळून 800 अंशांहून जास्त तापलेल्या नळ्यांतून सोडतात आणि सेकंदाच्या आतच बाहेर काढून झटकन थंड करतात. उशीर झाला तर तुकडे भलतीकडेच जुळतात आणि नळीत कोळसा साठतो.

क्रॅकिंग घरीही होतं बरं का! मोठ्यांना सोबत घेऊन मेणबत्ती लावा. मेणाची वाफ ज्योतीतच तुटते आणि सुटलेले कार्बनचे कण तापून पिवळे चमकतात. मोठ्यांना त्या पिवळ्या भागात स्टीलचा चमचा क्षणभर धरायला सांगा. काळी काजळी धरली ना? तोच हा कार्बन.

मग गॅसच्या निळ्या ज्योतीवर भांडं असं काळं का होत नाही? विचार करा बघू! शेगडीत गॅस पेटण्याआधी त्यात काय मिसळतं, तिथेच उत्तर आहे.