मातीचें भांडें आणि तापलेली भट्टी



शहरांतील पुष्कळ घरांतून आतां विजेची लहान भट्टी, म्हणजेच ओव्हन, आढळते. आणि तिच्यामागोमाग स्टोनवेअरचीं जाड, झिलईदार भांडींहि स्वयंपाकघरांत आलीं आहेत. स्टोनवेअर हें नांव परकें असलें, तरी वस्तु आपल्या ओळखीची आहे. लोणच्याची जी जड, तपकिरी-पांढरी बरणी आजीच्या फडताळांत असे, ती याच जातीची. फरक एवढाच, कीं त्या बरणीला कोणीं विस्तवाजवळ नेलें नाहीं, आणि या नव्या भांड्यांना मात्र आपण २०० अंश उष्णतेंत नेऊन ठेवतों.

येथेंच एक शंका उपस्थित होते. भांडें आंत ठेवण्यापूर्वीं भट्टी तापवून घ्यावी, कीं भांडें थंड भट्टींत ठेवून मग ती सुरू करावी? एका भांड्यासोबत आलेलें सूचनापत्रक सांगतें, ‘भट्टी आधीं तापवा’. दुसऱ्यासोबत आलेलें सांगतें, ‘थंड भट्टींतच ठेवा’. स्वयंपाक करणाऱ्यानें कोणाचें ऐकावें? चूक झाल्यास केवळ केक बसतो, असें नव्हे. तापलेलें भांडें तडकलें, तर उकळता रस्सा आणि धारदार तुकडे हातापायांवर येतात. म्हणून या प्रश्नाचा उलगडा अंदाजानें न करतां कारण समजून घेऊन करावयास हवा.

वस्तुतः येथें एक नसून दोन प्रश्न आहेत, आणि ते एकमेकांत मिसळल्यामुळेंच घोटाळा होतो. पहिला प्रश्न खाद्याचा: त्याला आरंभापासून कडक उष्णता हवी आहे काय? दुसरा भांड्याचा: त्याला तपमानांतील एवढें अंतर सोसेल काय?

प्रथम खाद्याकडे पाहूं. केकच्या मिश्रणांत लोणी असतें, फेंटल्यामुळें अडकलेली हवा असते, आणि बेकिंग पावडरमुळें निर्माण होणारा वायु असतो. लोणी सुमारें ३५ अंशांवर वितळतें. परंतु अंड्यांतील व पिठांतील जे घटक घट्ट होऊन केकचा सांगाडा उभा करतात, ते ६० अंशांच्या पुढेंच कामाला लागतात. भट्टी सावकाश तापूं लागली, तर लोणी आधींच पातळ होतें, हवेचे बुडबुडे निसटूं लागतात, आणि सांगाडा उभा राहीपर्यंत धरून ठेवावयास फारसें कांहीं उरत नाहीं. नानकटाई तर पसरून एकमेकींना चिकटते. पावाची गोष्टहि अशीच. कणीक तापलेल्या भट्टींत जातांच तिच्यांतील वायु प्रसरण पावतो, आणि वरची साल कडक होण्यापूर्वींच पाव फुगून येतो. गोव्यांतील पोदेर आणि मुंबई-पुण्याकडील जुने बेकरीवाले हें पिढ्यान्‌पिढ्या जाणून आहेत. विटांच्या भट्टींत लांकडें जाळून तिच्या भिंती व तळ पुरते तापल्याखेरीज ते पाव आंत सरकवीत नाहींत.

उलट रस्सेदार भाजी, कडधान्यें, मंद शिजवावयाचें मांस किंवा दूध-तांदळाचें पुडिंग यांना अशी घाई नसते. तेथें भट्टी अगोदर तापविल्यानें लाभ थोडा, आणि वीज मात्र जाते. १५०० वॅटची भट्टी दहा मिनिटें अखंड चालली, कीं पाव युनिट खर्चीं पडतें. केकांतहि एक अपवाद आहे. अमेरिकेच्या दक्षिण भागांत घट्ट पोताचा पाउंड केक थंड भट्टींत ठेवून भाजण्याची जुनी प्रथा आहे. पण त्या केकचें प्रमाण आणि भाजण्याचा काळ त्या रीतीसाठींच ठरविलेला असतो. दुसऱ्या केकला ती रीत लावूं नये.

आतां भांड्याकडे वळूं. स्टोनवेअर कुंभाराच्या भट्टींत साधारणतः १२०० ते १३०० अंशांवर भाजून निघालेलें असतें. मग आपल्या स्वयंपाकघरांतील २०० अंशांचें त्याला भय कां असावें? याचें उत्तर असें, कीं भांडें उष्णतेनें तडकत नाहीं. उष्णतेंतील तफावतीनें तडकतें. प्रत्येक वस्तु तापली कीं थोडी वाढते. ३० सेंटिमीटर लांबीचें स्टोनवेअरचें भांडें ३० अंशांवरून २०० अंशांवर गेलें, तर त्याची लांबी जेमतेम एक-तृतीयांश मिलिमीटर वाढते. सगळें भांडें एकसारखें वाढलें, तर कांहींच बिघडत नाहीं. परंतु माती उष्णतेची मंद वाहक आहे. तिचा एक भाग तापला, तरी शेजारचा थंडच राहतो. तापलेला भाग वाढूं पाहतो, थंड भाग त्याला अडवतो, आणि या ओढाताणींत भांड्यांत ताण उत्पन्न होतो. धातूचें भांडें अशा वेळीं उष्णता चटकन् सर्वत्र पसरवितें आणि किंचित् वांकून निभावून नेतें. मातीला वांकणें ठाऊक नाहीं. दाब ती पुष्कळ सोसते. ओढ मात्र तिला सोसवत नाहीं. साध्या कांचेच्या पेल्यांत उकळता चहा ओततांच तो तडकतो, त्याचेंहि कारण हेंच.

मग थंड भांडें तापलेल्या भट्टींत ठेवणें धोक्याचें नव्हे काय? वाटतें तितकें नव्हे. कारण हवा उष्णता फार सावकाश देते. उकळत्या पाण्याचें तपमान १०० अंश असतें, पण त्यांत बोट क्षणभरहि ठेववत नाहीं. २०० अंशांच्या भट्टींतून केक काढतांना मात्र आपला हात क्षणभर त्या हवेंत जातो, आणि धातूला न लागल्यास भाजत नाहीं. म्हणून घरांतील हवेइतक्याच तपमानाचें, मिश्रणानें भरलेलें, निर्दोष स्टोनवेअर तापलेल्या भट्टींत ठेवलें, तर तें सर्व बाजूंनीं आणि बेताबेतानें तापतें. भट्टीसाठीं म्हणून केलेलें भांडें एवढी तफावत सहसा सोसतें.

उलटपक्षीं, थंड भट्टी नेहमींच अधिक सौम्य असते, ही समजूत सर्वस्वीं खरी नाहीं. भट्टी तापत असतांना तिच्या कांबी लाल होऊन अखंड धग देत असतात. टेबलावरच्या लहान भट्टींत त्या कांबी भांड्यापासून चार बोटांवरच असतात. त्यांची धग भांड्याच्या नेमक्या एका अंगावर पडते. भट्टी इच्छित तपमानास पोंचली, कीं कांबी मधून मधूनच पेटतात. कांचेच्या भांड्यांचे कांहीं उत्पादक ‘आधीं तापवा’ असा आग्रह धरतात, तो याचसाठीं.

तथापि सर्व भांड्यांना एकच नियम लागूं पडत नाहीं, कारण प्रत्येकाची घडण वेगळी. १९१३ सालीं अमेरिकेंतील कॉर्निंग येथें कांचेच्या कारखान्यांतील शास्त्रज्ञ जेसी लिटलटन यांच्या पत्नी बेसी यांनीं बॅटरीच्या कापलेल्या कांचपात्रांत केक भाजून पाहिला. ती कांच तापल्यावर फारच थोडी वाढणारी होती, म्हणून टिकली. १९१५ सालीं पायरेक्सचीं भांडीं बाजारांत आलीं, त्यांचा उगम या प्रयोगांत आहे. दुसरें टोक म्हणजे जर्मनींतील रोमरटॉप्फ, हें १९६७ सालीं पुढें आलेलें झांकणाचें मातीचें भांडें. तें सच्छिद्र असतें आणि वापरण्यापूर्वीं पाण्यांत भिजवावें लागतें. आपण नवें मडकें भिजवून घेतों, तसेंच हें. भिजलेलें भांडें कडक भट्टींत गेलें, तर छिद्रांतील पाण्याची एकदम वाफ होऊन माती फुटावयाची; म्हणून तें थंड भट्टींतच ठेवावयाचें असतें. तिसरा प्रकार पाव किंवा पिझ्झा भाजण्याच्या दगडी पाटाचा. त्याचें कामच उष्णता सांठविण्याचें. त्याला थंड भट्टींत ठेवून तिच्याबरोबरच पाऊण तास तापूं द्यावें आणि मग त्यावर कणीक सोडावी. थंड पाट तापलेल्या भट्टींत सरकवूं नये. दोन सूचनापत्रकांतील विरोध हा असा भांड्यांच्या जातींतला भेद असतो. तीं एकमेकांना खोडून काढीत नाहींत.

आतां एक गोष्ट विशेष लक्षांत ठेवण्यासारखी. भांड्याला तापण्यापेक्षां एकदम थंड होण्याची भीति अधिक. तापतांना बाहेरचा पृष्ठभाग वाढूं पाहतो व आंतील थंड थर त्याला आवरून धरतो, म्हणजे पृष्ठभागावर दाब येतो. एकदम थंड होतांना पृष्ठभाग आकसतो, आंतील भाग मात्र अजून फुगलेलाच असतो, आणि पृष्ठभाग ओढला जातो. ओढ ही तर मातीची मर्मस्थानची दुबळीक! म्हणून भट्टींतून काढलेलें भांडें ओल्या ओट्यावर टेंकवूं नये. लांकडी पाटावर किंवा कोरड्या जाड फडक्यावर ठेवावें. रस आटला म्हणून त्यांत थंड पाणी ओतूं नये. ओतावयाचें तर कढत ओतावें. आणि रिकामें भांडें तापवून मग त्यांत गार मिश्रण कधींहि घालूं नये.

शीतकपाटांतून काढलेल्या भांड्याचा विचार निराळा. रात्रीं भरून ठेवलेलें भांडें ४-५ अंशांवर असतें. तें तसेंच २०० अंशांत नेणें म्हणजे तफावत वाढविणें होय. तें थोडा वेळ बाहेर ठेवावें हें ठीक. पण मांस किंवा दूध असलेलें खाद्य आपल्या उन्हाळ्यांत तासन्‌तास बाहेर ठेवणेंहि हितावह नाहीं. अशा वेळीं उत्पादकाची मनाई नसेल, तर भांडें थंड भट्टींत, कांबींपासून शक्य तितकें दूर, मधल्या जाळीवर ठेवावें आणि उष्णता पायरीपायरीनें वाढवावी. याहून सोपा उपाय म्हणजे रात्रीं खाद्य दुसऱ्या डब्यांत ठेवून ऐन वेळीं स्टोनवेअरमध्यें काढणें.

भट्टी तापवितांनाहि थोडा धीर धरावा. दिवा विझला, म्हणजे आंतील हवा तापली एवढेंच कळतें. भिंती तापावयास आणखी आठदहा मिनिटें लागतात. तेवढ्या अवधींत भांड्याचीहि परीक्षा करून घ्यावी. बाजारांत मडकें घेतांना आपण टिचकी मारून आवाज ऐकतों. तीच रीत येथें उपयोगी आहे. रिकामें भांडें बोटानें वाजवावें. नाद खणखणीत आला तर ठीक. बद्द आला, तर डोळ्यांना न दिसणारी चीर असण्याचा संभव आहे. असें भांडें कितीहि मोलाचें असो, त्यांत फळें ठेवावींत. विस्तवाजवळ नेऊं नये.

तात्पर्य, केक, बिस्किटें आणि पाव यांसाठीं भट्टी तापवून घ्यावी, आणि स्टोनवेअर घरच्या तपमानावर आणून, भरून, मग आंत ठेवावें. मंद शिजणाऱ्या खाद्यासाठीं थंड भट्टीपासून आरंभ केला तरी चालेल. भिजवावयाचें मातीचें भांडें आणि भाजणीचा दगडी पाट मात्र नेहमींच थंड भट्टींत ठेवावा. भांड्याच्या बुडाशीं कोरलेली किंवा पत्रकांत छापलेली सूचना यांहून निराळी असेल, तर तीच प्रमाण मानावी. कारण मातीचें मिश्रण करणाऱ्यालाच तिचें सामर्थ्य पुरतें ठाऊक असतें.