नव्या उपचारकाचे दहा तास

श्रोतेहो, शस्त्रवैद्य परीक्षा उतरला म्हणून लगेच त्याला एकट्याने रोग्यावर सोडीत नाहीत, हे आपण जाणतो. जुना वैद्य शेजारी उभा असतो. नवख्याचा हात कोठे थरथरला ते त्याला दिसते. पण जखम मनाची असली तर? दार लावलेले, आत रुग्ण आणि उपचारक दोघेच. तेथला थरकाप पाहणार कोण?

याचे एक उत्तर एका विशिष्ट उपचारपद्धतीच्या शिक्षणात सापडते. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ फ्रॅन्सिन शपिरो यांनी १९८७ मध्ये तिचा आरंभ केला. १९८९ मध्ये त्यांचा पहिला शोधनिबंध प्रसिद्ध झाला. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला ई.एम.डी.आर. म्हणतात. अपघात, युद्ध, अत्याचार यांची आठवण ज्याची पाठ सोडीत नाही, अशाने ती आठवण मनापुढे धरावयाची आणि त्याच वेळी उपचारकाच्या हलत्या बोटांमागून नजर डावीउजवीकडे फिरवावयाची. ऐकून जादूटोणा वाटावा! नजर फिरवल्याने नेमके काय साधते, यावर तज्ज्ञांत वाद आहे. तरी जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये आघातोत्तर ताणविकारासाठी तिची शिफारस केली.

अमेरिकेतील संबंधित संघटनेने प्राथमिक शिक्षणाचा हिशेब असा ठेवला आहे : वीस तास पाठ, वीस तास देखरेखीखाली सराव आणि दहा तास सल्लामसलत. या दहा तासांत शिकाऊ उपचारक आपले प्रत्यक्ष काम, रुग्णाचे नावगाव झाकून, अनुभवी माणसापुढे मांडतो. सल्लागार त्याचा वरिष्ठ अधिकारी नसतो. रुग्णाची जबाबदारी उपचारकाचीच राहते.

तेथे काय घडते? समजा, एक बाई सांगतात, "रुग्णाला अपघात आठवला, तो रडू लागला. मी थांबले, पाणी दिले, धीर दिला. दर वेळी येथेच अडते." सल्लागार विचारतो, "थांबायचे कोणी ठरवले? त्यांनी की तुम्ही?" बाई गप्प होतात. रडणे रुग्णाला सोसत होते, ते बाईंना सोसवत नव्हते. या पद्धतीत नजरेचा एक फेरा संपला की "आता काय जाणवते?" एवढेच विचारून बहुधा पुढे जावयाचे असते. बाई त्या जागी सांत्वन भरीत होत्या. आपल्या घरी कोणी रडले की आपणही हेच करतो, आणि त्यात वावगे काही नाही. पण येथे त्याने आठवणीचे काम अर्धवट राहते.

उलट चूक अधिक धोक्याची. आठ टप्प्यांपैकी पहिले दोन पूर्वइतिहास आणि तयारी यांचे. उत्साही नवखा ते उरकून थेट आघाताला हात घालतो. रुग्ण शून्यात पाहू लागतो, खोलीत असून नसल्यासारखा होतो. तेव्हा मात्र थांबलेच पाहिजे. पाय जमिनीला टेकवायला सांगून, खोलीतल्या वस्तू दाखवून त्याला परत आणावे लागते. रडणे आणि हे हरपणे यांतला भेद पुस्तकात दोन ओळींत वाचून होतो. खोलीत तो ओळखताना गोंधळ उडतो, आणि त्या गोंधळाचे बोलणे पुढच्या बैठकीत होते.

आणखी एक. रोज इतरांचे आघात ऐकून ऐकणाऱ्याचीही झोप उडते. मॅककॅन आणि पर्लमन यांनी १९९० मध्ये या परिणामाचे सविस्तर विवेचन केले. घरी ते सांगता येत नाही, गुप्ततेचे बंधन असते. सांगायला जागा उरते ती हीच.

आपल्यापैकी कोणावर अशा उपचारकाकडे जाण्याची वेळ आली, तर "आपण आपल्या कामाविषयी कोणाशी सल्लामसलत करता का?" असे खुशाल विचारावे. सल्लागाराचे नाव सांगितले नाही तरी चालेल. महिन्यातून किती वेळा भेटतात, एवढे कळले तरी पुरे.