वेरूळपर्यंतचा हिशेब

सलून म्हटलं की छत्रपती संभाजीनगरच्या छावणीत दाढी-कटिंगची खुर्ची आठवते. इंग्लंडात मात्र चार दारांच्या बंद मोटारीलाही सलून म्हणतात आणि तिच्या पोटात शर्यतीच्या जातीचं इंजिन बसवलं की ती होते स्पोर्ट्स सलून. १९५९ साली कॉव्हेंट्रीत अवतरलेली जॅग्वार मार्क टू ही त्यातली नामांकित. तिच्या इंजिनाची कल्पना मात्र महायुद्धातली. हवाई हल्ल्यांच्या रात्री आगीवर लक्ष ठेवायला कारखान्यात जागणारे अभियंते विल्यम हेन्स आणि त्यांचे सहकारी गप्पांतून ती घडवत होते. इंजिन जगासमोर आलं १९४८ मध्ये आणि बनत राहिलं १९९२ पर्यंत. २००८ पासून जॅग्वार कंपनी मुंबईच्या टाटांची आहे.

३.८ लिटर, सहा सिलिंडर, २२० अश्वशक्ती, ताशी २०० किलोमीटर. हे झाले मिरवायचे आकडे. खरे आकडे बॉनेटखाली लपलेले असतात.

समजा, नव्याने उभी केलेली अशी एक गाडी छावणीतून निघाली. पडेगाव, मिटमिटा, दौलताबादचा घाट, खुलताबाद आणि वेरूळ. अंतर सुमारे ३० किलोमीटर. सगळा रस्ता टॉप गिअरमध्ये कापला असं धरू. घाटात ते जमायचं नाही, म्हणजे प्रत्यक्षातले फेरे जास्तच भरतील.

चाक एका फेऱ्यात साधारण २.१ मीटर पुढे सरकतं. वेरूळ येईतो प्रत्येक चाकाचे १४,००० हून अधिक फेरे होतात, तर इंजिनाचे जवळपास ५१,०००. दर फेऱ्याला तीन ठिणग्या, म्हणजे दीड लाखांवर ठिणग्या. बारा व्हॉल्व्हची उघडझाप तीन लाखांच्या पुढे. प्रत्येक पिस्टन १०६ मिलिमीटर वर जातो, तेवढाच खाली येतो. असं करत तो जवळजवळ ११ किलोमीटर चालतो. सहा पिस्टनांची चाल मिळून ६५ किलोमीटर. गाडी वेरूळला पोचते तोवर पिस्टनांचं जाऊन-येऊन होतं!

एवढ्या खटाटोपाला पेट्रोल लागतं सुमारे सव्वापाच लिटर, आणि ते जाळायला हवा अंदाजे ५०,००० लिटर. ही चार माणसांच्या दिवसभराच्या श्वासाहून जास्त. पण तेच पेट्रोल दीड लाख ठिणग्यांत वाटा: एकीच्या वाट्याला पुरता थेंबही येत नाही. थेंबे थेंबे तळं साचतं. इथे थेंबाच्या तुकड्यांवर दीड टनाचं धूड घाट चढतं.

आता मिस्त्रीकडे वळू. तारांच्या चाकाला ७२ तारा. स्टेपनी धरून पाच चाकांच्या ३६० तारा चकाकवल्या की फोटो झकास येतो. गाडीचं आयुष्य मात्र टॅपेटच्या फटीत असतं. हवा आत घेणाऱ्या व्हॉल्व्हला ०.१० मिलिमीटर, धूर सोडणाऱ्याला ०.१५. फट कमी पडली तर व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही आणि जळतो. जास्त झाली तर टॅपेट वाजू लागतात. इथे स्क्रू पिळून भागत नाही. कॅमशाफ्ट उतरवायचा, नेमक्या जाडीची चकती बसवायची, पुन्हा फीलर गेज सरकवून बघायचं. बाराही व्हॉल्व्हची फट अशी जुळवायची.

माणसाचा केस साधारण एवढाच जाड असतो. तीन लाख उघडझापी तेवढ्या जागेवर विसंबून आहेत. शेवटी याही सलूनचं काम केसापाशीच येतं.