निबंधाला मथळे कशाला?

सातबाराचा उतारा आपल्यापैकी बहुतेकांनी हाताळलेला आहे. गाव नमुना 7 मध्ये जमीन कोणाची, कोणत्या हक्काची, तिच्यावर बोजा कशाचा, हे असते; गाव नमुना 12 मध्ये कोणत्या हंगामात कोणते पीक घेतले, ते असते. अक्षरओळख बेताची असलेला शेतकरीदेखील त्या कागदावर हव्या त्या रकान्यावर बरोबर बोट ठेवतो. हीच माहिती कोणी सलग पत्रासारखी लिहून दिली असती, तर एक बोजा शोधण्यात सारी दुपार गेली असती. रकान्यांना नावे आहेत, म्हणून काम सोपे होते.

हे आज सांगण्याचे कारण असे की, आपल्याकडील पुष्कळ शिक्षक हल्ली कृतिसंशोधन करतात, शोधनिबंध लिहितात. त्या लेखनाला मथळे कसे द्यावेत, याचा विचार मात्र क्वचितच होतो.

काही वर्षांपूर्वी एका गुरुजींनी आपला निबंध मला वाचायला दिला. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांतील मुलांची शाळेतली हजेरी, हा विषय. कळकळीने केलेले काम. पण पंचवीस-तीस पाने सलग लिहिलेली. मध्ये श्वास घ्यायला जागा नाही! खरे सांगतो, दहाव्या पानावर मी वही मिटली. आठवड्याने पुन्हा उघडली, तेव्हा एकोणिसाव्या पानावर एका लांबलचक परिच्छेदाच्या पोटात एक वाक्य सापडले. घर सोडण्याआधीच मुलाच्या राहण्याजेवणाची सोय ठरली, तर आईबाप त्याला गावात ठेवायला तयार होतात. गाडी निघाल्यावर ठरलेली सोय फारशी उपयोगी पडत नाही. सारा निबंध या एका वाक्यासाठी होता. मला ते योगायोगाने भेटले. पण सोय करण्याचा अधिकार ज्यांच्या हाती, त्यांना एकोणिसाव्या पानापर्यंत यायला सवड कुठली?

मी आता बोलतो आहे, तेव्हा आवाज बदलून, थांबून, ‘आता दुसरी गोष्ट’ असे म्हणून तुम्हाला वळण दाखवू शकतो. कागदाला आवाज नाही. शिवाय वाचणारा पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत सरळ जातोच असे नाही. तो मागे येतो, पुढे जातो, हवे तेवढे घेतो. त्याला वाट दाखवण्याचे काम मथळ्याचे.

ही गोष्ट आपल्या मराठीला नवी नाही बरं का. शेजारच्या जालना जिल्ह्यातील जांब गावी 1608 साली जन्मलेल्या समर्थ रामदासांचा दासबोध पाहा. वीस दशक, प्रत्येक दशकात दहा समास, असे दोनशे समास. आणि प्रत्येक समासाला त्याचे नाव. पहिल्याच समासात ग्रंथ कशाविषयी आहे, ते सांगून टाकले आहे. दुसऱ्या दशकाचा पहिला समास मूर्खलक्षणांचा आणि दहावा पढतमूर्खाच्या लक्षणांचा. नुसती ही दोन नावे वाचली तरी कळते की, शिकल्याने मूर्खपणा जातोच असे नाही, त्याची जात तेवढी बदलते! दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे आधी लेखकाला दिसले. मग त्यांना दोन नावे मिळाली. एकोणिसाव्या दशकाच्या आरंभी लेखनक्रियेवरही एक स्वतंत्र समास आहे. शिक्षकांनी तो अवश्य पाहावा.

आता आपल्या परभणीच्या कृषी विद्यापीठाकडे येऊ. 1972 साली ते स्थापन झाले. अशा विद्यापीठांतल्या प्रबंधांचा साचा ठरलेला असतो: प्रस्तावना, पूर्वीच्या संशोधनाचा आढावा, साहित्य व पद्धती, निष्कर्ष, चर्चा. हा साचा कोणाच्या हौशीखातर आलेला नाही. ज्याला तोच प्रयोग पुन्हा करून पाहायचा आहे, तो पेरणीचे अंतर आणि खताची मात्रा शोधायला थेट ‘पद्धती’कडे जातो. ज्याला शेतकऱ्यांना सल्ला द्यायचा आहे, तो ‘निष्कर्ष’ उघडतो. संस्थेने असे मथळे नेमून दिले असतील तर ते पाळावेत. आपले म्हणणे पोटमथळ्यांतून सांगावे.

ते सांगायचे कसे? शेताला बांध घालताना आपण आधी जमिनीचा उतार पाहतो. तसा आधी विषयाचा उतार पाहावा. लिहायला बसण्यापूर्वी मथळे एका कागदावर एकाखाली एक मांडावेत आणि नुसते तेवढेच वाचावेत. गोष्ट कळली तर मांडणी जमली.

मथळा बोलका हवा. ‘माहिती’, ‘विश्लेषण’ अशी नावे कोणत्याही निबंधाला चालतात, म्हणून ती कोणत्याच निबंधाच्या कामाची नाहीत. ‘दिवाळीनंतर हजेरी का घटते’ असे लिहिले की वाचक सावध होतो. एका पायरीवरचे मथळे एकाच घडणीचे असावेत. एक प्रश्न, एक नाम, एक अर्धे वाक्य, असा बाजार मांडू नये. एखाद्या भागाला पोटमथळे द्यायचे तर निदान दोन तरी द्यावेत. वाटणी एकट्याची होत नाही. आणि प्रत्येक परिच्छेदावर मथळा ठोकू नये. हातभर जमिनीत चार बांध घातले तर पेरायचे कुठे?

आणखी एक पथ्य आहे. मथळ्याखालचे पहिले वाक्य स्वतःच्या पायावर उभे असावे. वर ‘पालकांची अडचण’ असे लिहून खाली ‘ही मुख्यतः पैशाची असते’ असा आरंभ करू नये. मथळा झाकला तरी मजकूर कळला पाहिजे.

त्या गुरुजींना मी एवढेच सुचवले. मथळ्यांचा कागद घेऊन ते परत आले, तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता. ‘मागे राहिलेली मुले कोणाजवळ राहतात’ असा एक मथळा त्यांनी घातला होता आणि त्याखाली लिहायला त्यांच्याजवळ काहीच नव्हते. पंचवीस पानांच्या सलग लेखनात ही उणीव त्यांना स्वतःलाही दिसली नव्हती. “सर, हे तर मी कोणाला विचारलंच नाही,” ते म्हणाले. मग त्यांनी पुन्हा घरोघर जाऊन, आज्यांशी, चुलत्यांशी बोलून तो भाग लिहिला. एकोणिसाव्या पानावरचे ते वाक्यही पहिल्या पानावर आणले.

तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी निबंध लिहाल, मुलांकडून प्रकल्पवही लिहून घ्याल, तेव्हा आधी तो एक कागद करा. कोणत्या मथळ्याखाली आपल्याजवळ सांगण्यासारखे काही नाही, ते बघा. आपले राहिलेले काम बहुधा तिथेच असते.