काळूचा फराळ

बेसनाचे लाडू वळत होते, प्रत्येकावर एकेक बेदाणा. एक लाडू परातीतून घरंगळला आणि मी वाकेपर्यंत आमच्या कुत्र्याने, काळूने, तो गिळलासुद्धा. घरातली मंडळी म्हणाली, "खाऊ दे की, साजूक तुपातला आहे!" मला मात्र धडकी भरली ती त्या बेदाण्याने. डॉक्टरांनी फोनवरच काळूचं वजन विचारलं आणि तीन दिवस उलटी, पाणी, लघवी यांवर लक्ष ठेवायला सांगितलं. काळू चौदा किलोचा, बेदाणा एकच; निभावलं.

द्राक्ष आणि बेदाणा कुत्र्याचं मूत्रपिंड निकामी करू शकतात. एखादा कुत्रा मूठभर पचवतो, दुसऱ्याला थोडेच भोवतात. म्हणून इतके चालतील असं माप सांगता येत नाही. 2021 मध्ये अमेरिकेतल्या पशुवैद्यांनी त्यातल्या टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवलं. हेच आम्ल चिंचेत भरपूर असतं. तेव्हा आमटीत कालवलेला भातही नको. त्यात कांदा-लसूण असेल तर मुळीच नको, कारण त्यांनी कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात. बेदाणा, चिंच, कांदा सगळे मातीतूनच उगवलेले. कुत्र्याच्या खाऊच्या पाकिटावरचा 'नॅचरल' शब्द वाचून निर्धास्त होणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. पाकीट उलटून घटक वाचा. लसूण पावडर, मीठ किंवा साखर दिसली की परत ठेवा.

आम्ही जबलपूरच्या सिव्हिल लाइन्समधले. इथलं पशुवैद्यकीय महाविद्यालय 1948 सालचं. 2009 मध्ये विद्यापीठ झालं, त्याला नाव आहे नानाजी देशमुखांचं, म्हणजे आपल्या हिंगोलीकडच्या कडोळीच्या माणसाचं. एवढी मोठी संस्था हाकेच्या अंतरावर असूनही दिवाळीत आमच्या गल्लीतले कुत्रे चकल्या आणि खोव्याची जलेबी खातात. देणाऱ्याचा हात प्रेमाचाच असतो. नेपाळात तर नरक चतुर्दशीला कुत्र्याला झेंडूची माळ घालून, टिळा लावून खाऊ घालतात. आपल्या दत्ताच्या पायाशीही चार कुत्रे आहेतच. पण तळणीच्या तेलाने आणि तुपाने स्वादुपिंडाला सूज येते, आणि ते दुखणं जिवावर बेतू शकतं.

चॉकलेटचा हिशेब ऐका. पाच किलोच्या पामेरियनला वीस ग्रॅम डार्क चॉकलेटही बाधू शकतं; त्यातलं थिओब्रोमीन कुत्र्याच्या शरीरातून फार सावकाश बाहेर पडतं. मधुमेहींसाठी आणलेल्या शुगर-फ्री मिठाईत झायलिटॉल असेल तर ती आणखी वाईट. अर्ध्या-एक तासात रक्तातली साखर कोसळून कुत्रा लटपटायला लागतो.

मग द्यायचं काय? आमच्याकडे रताळं. साल काढून अर्धा सेंटिमीटर जाडीच्या चकत्या करते आणि ओव्हनमध्ये शंभर अंशांवर तीनेक तास ठेवते. मधे एकदा उलटायच्या. कडा आक्रसतात, रंग गडद होतो, चकती वाकवली तर मोडत नाही, चामड्यासारखी चिवट लागते. मीठ, तूप, गूळ काही नाही. काळू एक चकती दोन्ही पंजांत धरून चांगली दहा मिनिटं चघळतो, तेवढ्यात माझ्या करंज्या तळून होतात. वाफवलेला लाल भोपळा, गाजर, बिया काढलेलं सफरचंद, उकडलेलं अंडं, हाड काढलेली साधी कोंबडीही चालते. शिजवलेलं हाड मात्र कधीच देऊ नका. त्याच्या धारदार कपच्या होतात आणि आतडं फाडतात. थंडी पडली की जबलपूरचा ताजा मटार येतो. शेंगा सोलताना चार दाणे खाली पडले तर मी उचलत नाही.

हा खाऊही दिवसाच्या एकूण आहाराच्या दहा टक्क्यांपुढे नसावा. दहा किलोच्या कुत्र्याला दिवसाला साधारण सहाशे कॅलरी लागतात, म्हणजे खाऊच्या वाट्याला साठ आल्या. एका मध्यम बेसनलाडवात याच्या दुपटीहून जास्त असतात. पाहुण्यांना हे आधीच सांगा आणि चकत्यांचा डबा त्यांच्याच हाती द्या. त्यांनाही लाड करायचे असतात.

एवढं करूनही काही गिळलंच, तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका, त्या मिठानेच विषबाधा होते. काय खाल्लं, किती आणि केव्हा हे कागदावर लिहा, वेष्टन सोबत घ्या आणि लक्षणांची वाट न पाहता डॉक्टर गाठा. पहिले दोन तास फार मोलाचे असतात. सुट्टीच्या दिवशी कोणता दवाखाना उघडा आहे, हे मात्र वसुबारसेलाच विचारून ठेवा.